सुतळीने बांधलेलं बटन

कुंडलिकअण्णांच्या घरातला फ्यूज कधी उडाला नव्हता, आणि ही गोष्ट ते नव्या पाहुण्याला पहिल्या चहालाच सांगत. विंझरजवळच्या त्या वाडीत पावसाळा लागला की एकेका घराचा फ्यूज जायचा. माणसं काडेपेटी शोधत चाचपडायची आणि अण्णा मात्र आपल्या ओट्यावर दिव्याखाली शेंगा फोडत बसलेले असायचे. त्यामागची करामत साधी होती. फ्यूजच्या चिनी मातीच्या पकडीत केसासारखी बारीक तार असते, ती काढून अण्णांनी तिथे सळया बांधायची जाड तार घातली होती.

ही विद्या त्यांनी तरुणपणी कापूरहोळच्या एका गॅरेजात कमावली होती. ट्रकचा फ्यूज गेला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची आणि गाडी मार्गी लावायची, अशी तिथली रीत. गाडी दिसेनाशी झाली की काम फत्ते. पुढे तिचं काय झालं हे सांगायला कोणी परत येत नसे, त्यामुळे अण्णांच्या मनात या विद्येबद्दल कधी शंका आली नाही.

शंका आणली ती सुनेच्या भावाने. अमृत भोरला राहायचा, आयटीआय करून घरोघरी वायरिंगची कामं घ्यायचा. रत्नाने परसात कोंबडीच्या पिल्लांसाठी शेड उभी केली, तेव्हा तो लाईन ओढायला आला आणि आल्या आल्या त्याने अण्णांचा फ्यूज उघडला. मागची वायर तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी झाली होती. बोट लावलं की तिचा पापुद्रा गळून पडत होता.

"मामा, ही वायर भाजलीया."

"जुनी वायर काळीच आसती."

"जुनी झाली म्हणून न्हाई, तापून तापून झालीया. जास्त करंट आला की फ्यूजनं जळायचं आन वायर वाचवायची, एवढंच त्याचं काम. तुमी त्याला जळूच दिलं न्हाई, म्हणून ही जळत बसली."

"पर घर जळलं का?"

"न्हाई."

"मंग?"

अमृतने वायर बदलली, जाड तार परसात भिरकावली आणि फ्यूजच्या जागी एमसीबी बसवल्या: एक घराला, एक शेडला. जास्त करंट गेला की हिचा दांडा आपोआप खाली पडतो. कारण दूर केलं आणि दांडा उचलला की पुन्हा सुरू. अण्णा तिला नुसतं 'बटन' म्हणत, आणि तेही पाहुण्यांच्यातल्या नावडत्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

शेडमधल्या पिल्लांवर मात्र घरातल्या सगळ्यांचाच जीव अडकला होता. रत्नाचा नवरा आकाश शिरवळला कारखान्यात होता. रोज ये-जा करण्याला तो कंटाळला होता आणि तिकडे एक खोली बघून आला होता. मागच्या थंडीत रत्नाने पहिल्यांदा गावरान पिल्लं आणली, तेव्हा गारठ्याने निम्मी दगावली. आता ही दुसरी खेप. पानशेतच्या एका हॉटेलवाल्याने, कोंबड्या नीट वाढल्या तर सगळ्या घेतो असं सांगितलं होतं. "एवढी खेप बगू," रत्ना एकदा जेवताना म्हणाली होती. "जमलं तर हितंच ऱ्हाऊ. न्हाई तर शिरवळ." अण्णांचा तो घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. सून-मुलगा गेले म्हणजे घरात ते आणि त्यांची बायको सगुणाबाई, दोघंच. आणि सगुणाबाईंना त्यांची कापूरहोळची सगळी कहाणी पाठ होती.

आषाढातला एक दिवस. अमृतच्या मुलीचं नामकरण होतं आणि रत्ना आत्या, म्हणजे तिला भोरला जाणं भाग होतं. सगुणाबाईंचा गुडघा धरला होता. पिल्लं अण्णांच्या हवाली झाली.

"मामा, बल्ब बंद पडू द्यायचं न्हाईत," एसटीला निघता निघता रत्नाने बजावलं. "पिल्लं पसरून दाणं टिपत आसली तर समदं बराबर हाय. एकमेकांवर चढाय लागली म्हंजे गारठलीत. मंग खालची गुदमरत्यात. आन बटन पडलं तर आदी बगायचं का पडलं, मंग उचलायचं."

"का पडलं म्हंजे? त्येला पडायची खोडच हाय."

"आन तो पाणी तापवायचा रॉड शेडच्या लायनीवर लावायचा न्हाई."

"म्या कशाला लावतुय!" अण्णा म्हणाले. हे त्यांनी इतक्या दुखावल्या आवाजात म्हटलं की रत्नाला तिथेच संशय यायला हवा होता. पण एसटीचा हॉर्न वाजला.

रॉडचं प्रकरण असं होतं. सरपण ओलं झालेलं. कोरडी लाकडं सगुणाबाई स्वयंपाकापुरतीच काढत, अंघोळीला एक ढलपी मिळत नसे. आकाशने रॉड आणून दिला होता, पण तो स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायचा आणि तापलेली बादली पावसातून परसातल्या मोरीत न्यायची, हे अण्णांना पटत नव्हतं. शेड मोरीला लागूनच होती. खिडकीतून वायर घेतली की झालं. रत्ना दूध घालायला गेली की ते अधूनमधून तसं करत, आणि पाणी कोमट झालं की रॉड काढून घेत. आज मात्र दिवसभर कोणी येणार नव्हतं. आज त्यांनी बादली काठोकाठ भरली.

शेडमध्ये पिल्लांना ऊब देणारे चार लाल बल्ब होते, मिळून आठशे वॅटचे. रॉड एकटाच पंधराशेचा. शेडचं बटन सहा अँपिअरचं. बल्बांना ते पुरून उरे, पण रॉड लागला की मागणी दहावर जात होती. एवढ्याशा जादा भाराने बटन लगेच पडत नाही. त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापते, हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. म्हणून आधी काही मिनिटं सगळं सुरळीत चाललं, आणि पाणी तापेस्तोवर साबण लावून घ्यावा म्हणून अण्णांनी अंगाला फेस केला, तेवढ्यात 'टक्' झालं.

अण्णा टॉवेल गुंडाळून शेडमध्ये गेले, बटन उचललं, परत आले. या वेळी ते आणखी लवकर पडलं, कारण आतली पट्टी अजून निवली नव्हती. अण्णांना पट्टी ठाऊक नव्हती. त्यांच्या मते बटन आता मुद्दाम करत होतं.

"आवं, पावसात नाचताय का काय?" स्वयंपाकघराच्या दारातून सगुणाबाईंनी विचारलं. डोक्यावरचा फेस पावसाने डोळ्यांत उतरलेला, एका हाताने टॉवेल धरलेला, अशा अवस्थेत अण्णा तिसऱ्यांदा शेडकडे निघाले होते.

"बटनाला वळण लावतुय!"

शेडमध्ये खाद्याच्या पोत्याची सुतळी होती. तिचा फास त्यांनी बटनाच्या दांड्यात अडकवला आणि दुसरं टोक वरच्या खिळ्याला ताणून बांधलं. ओढाळ वासराला बांधतात तशी गाठ. "आता पड," ते म्हणाले.

ते पडलं नाही. निदान अण्णांना दिसेल असं तरी पडलं नाही. पाणी कोमटच झालं होतं, पण डोळ्यांत साबण गेलेल्या अण्णांना तेवढं पुरलं; त्यांनी रॉड काढून बाजूला टेकवला आणि पत्र्यावरच्या पावसाच्या गजरात मनसोक्त अंघोळ केली. कपडे करून पिल्लांकडे डोकावले, तर शेडमध्ये अंधार.

अण्णांनी बटनाकडे पाहिलं. दांडा वर होता. सुतळी ताठ होती. गाठ तसूभर हलली नव्हती. मग अर्थ एकच होता: लाईट गेली. त्यांना उलट हायसं वाटलं. बटन पडलं असतं तर खोट घरात निघाली असती. लाईट गेली म्हणजे खोट गावाबाहेर कुठेतरी, डोंगरातल्या एखाद्या खांबावर.

एवढ्यात घरातून मिक्सरची घरघर ऐकू आली. सगुणाबाई चटणी वाटत होत्या.

अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांना कारण सापडलं. एक फेज गेला होता. पावसात असं होतंच: अर्ध्या गावात उजेड, अर्ध्यात अंधार. आता अण्णांच्या मीटरला मुळात एकच फेज येत होता आणि त्याचाच मिक्सर, त्याचीच शेड. पण कारण एवढं चांगलं होतं की त्यांनी ते जास्त तपासलं नाही.

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेजारचा चिमाजी आला. "जय भीम, अण्णा. शेडमंदी अंधार दिसला म्हणून आलो."

"जय भीम. लाईट गेलीया."

"माज्याकडं टीव्ही चालू हाय की."

"तुजा फेज येगळा."

"तुमच्या घरात मिक्सर चाललाय."

"त्यो बी येगळा."

"किती फेज हाईत तुमच्याकडं, अण्णा?" चिमाजीने आदराने विचारलं.

अण्णांनी उत्तराऐवजी लाईनमनला फोन लावला. लाईनमन म्हणाला, लाईन चालू आहे, मीटरचा दिवा लुकलुकतोय का बघा. अण्णांनी मीटर पाहिला. लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी तो पाहिला न पाहिल्यासारखं केलं आणि "रेंज न्हाई" म्हणून फोन बंद केला.

पण पिल्लं थांबायला तयार नव्हती. सकाळी शेडभर पसरलेला पिवळा-तपकिरी गालिचा कोपऱ्यात गोळा झाला होता आणि त्याचा ढीग होऊ लागला होता. आवाजही बदलला होता. आधीची किलबिल गेली होती, आता नुसती एक बारीक, न थांबणारी कळकळ. अण्णांनी ढीग हाताने पसरला. हात काढला की ढीग पुन्हा तयार.

"बगत काय उबं ऱ्हायलाय?" सगुणाबाई लंगडत आल्या. "पाट्या आना, गोधड्या आना. आत चला समदं!"

चिमाजीने शेडमधला एक लाल बल्ब काढून घरात लावून पाहिला. तो पेचाचा होता आणि घरातले होल्डर खाचेचे, बसेना. घरातले दिवे होते ते एलईडीचे. उजेड भरपूर, पण ऊब म्हणावी तर काजव्याइतकी. ऊब होती ती एका चुलीपाशी, आणि ओल्या लाकडाच्या धुराने तिथे माणसाला बसवत नव्हतं. दोन पाट्या चुलीच्या दोन अंगांना लागल्या. एक पाटी चिमाजीने आपल्या घरी, आपल्या चुलीपाशी नेली. जी उरली, ती सगुणाबाईंनी अण्णांच्या स्वेटरात भरली.

"आगं, टोचत्यात!"

"टोचू द्या. जित्ती हाईत म्हणून टोचत्यात. हलू नका."

अण्णा खुर्चीत बसले. आत पंचवीस-तीस पिल्लं, वर घोंगडी. पोटावरून, बगलेतून, पाठीवरून नखं फिरत होती. हसू येत होतं आणि हसलं की पिल्लं चिरडायची. अशा वेळी मोबाईल वाजला. रत्नाचा व्हिडिओ कॉल.

अण्णांनी मोबाईल तोंडाच्या इतका जवळ धरला की भोरच्या बाजूला बहुतेक मिशाच दिसाव्यात.

"मामा, पिल्लं कशी हाईत?"

"झ्याक."

"आवाज लई जवळनं येतुय."

"शेडमंदीच बसलोय."

"तुमच्या मागं तर कपाट दिसतंय."

अण्णा याचं उत्तर जुळवत असतानाच स्वेटरच्या गळ्यातून एक पिल्लू वर आलं, त्यांच्या हनुवटीला टेकून उभं राहिलं आणि कॅमेऱ्यात बघून ओरडलं. पलीकडे बायकांचा एकच हशा झाला. नामकरणाला जमलेली सगळी पाहुणेमंडळी रत्नाच्या खांद्यावरून बघत होती. रत्ना मात्र हसली नाही.

"लाईट न्हाई का?"

"फेज गेलाय."

"दादा!" रत्नाने हाक मारली, आणि पडद्यावर नव्या शर्टातला अमृत आला.

"मामा, बटन वर हाय का खाली?"

"वर हाय," अण्णा म्हणाले. हे खरं होतं आणि खरं बोलल्याचा त्यांना जरा आधारही वाटला.

"दाखवा बरं."

घोंगडी गुंडाळून, पोट सांभाळत अण्णा शेडमध्ये गेले. त्यांनी मोबाईल बोर्डासमोर धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा दांड्यावर असा ठेवला की फास झाकला जावा. वरची सुतळी त्यांनी तळहाताने झाकली.

"हात काढा, मामा."

"हात काडला तर... ओल हाय. पानी टिपकतंय. म्हणून धरलंय."

अमृत विचारात पडला. त्याने टेस्टर लावायला सांगितला. पाटी ठेवून परत आलेल्या चिमाजीने लावला. बटनाच्या वरच्या बाजूला पेटला, खालच्या बाजूला नाही. "करंट येतोय, पुढं जात न्हाई, आन बटन वर," अमृत स्वतःशी म्हणाला. "म्हंजे बटन आतनं जळालं. असं कवा होत न्हाई. थांबा, मी नवीन घेऊन येतो."

"आरं, लेकीचं नाव ठेवायचंय अजून!" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"आत्यानं ठेवावं नाव. बाप नसला तरी चालतंय." अमृतने रेनकोट मागितलाही.

भोरहून नसरापूरमार्गे, या पावसात, मोटारसायकलवर. तास-दीड तास सहज. अण्णांनी स्वेटरात हात घातला आणि चाचपून एक पिल्लू बाहेर काढलं. ते टोचत नव्हतं. हातावर मान टाकून पडलं होतं आणि डोळ्यांवरची पातळ पापणी हळूहळू खालून वर येत होती. अमृत आपल्या मुलीच्या नामकरणातून उठून इतक्या लांब येणार, आणि येऊन बघणार काय, तर सुतळी. तोवर पिल्लं राहायची नाहीत. पिल्लं राहिली नाहीत की रत्ना राहायची नाही.

अण्णांनी हात काढला.

भोरची मंडळी पडद्यावर आणखी वाकली. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "ती सुतळी हाय का गं?"

"सुतळीच हाय," दुसरीने खात्री दिली.

"मामा," अमृत अगदी सावकाश म्हणाला, "दांडा वर बांधला तरी आतला खटका पडतोच. दांडा वरच ऱ्हातो, आन लाईन आतनं तुटती. तसंच बनवलेलं आसतं."

"का?"

"कुणीतरी बांदून ठिवंल म्हणून."

कुठल्या तरी कारखान्यात, विंझर कधी न पाहिलेली, कापूरहोळचं नाव न ऐकलेली माणसं एकत्र बसली होती आणि त्यांनी अण्णांचा विचार आधीच करून ठेवला होता. आपला अपमान झाला की सन्मान, हे त्यांना ठरवता येईना.

"आन लाईन तुटली न्हसती तर?" अमृत पुढे म्हणाला. "खाली भाताचं तूस, वर ताडपत्री. पिल्लं गारठली न्हसती, मामा. भाजली असती. बरं, बल्बांनी काय हे बटन पडत न्हाई. दुसरं काय लावलं हुतं?"

आता लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "रॉड," अण्णा म्हणाले.

पलीकडे पुन्हा हशा झाला. म्हातारीने विचारलं, "अंगुळ झाली का पर?"

"झाली," अण्णा म्हणाले.

चिमाजीने रॉडची पिन उपसली. अण्णांनी गाठ सोडली. सुतळी सुटताच दांडा 'टक्' करून खाली पडला, इतका वेळ ताटकळून वैतागल्यासारखा. अमृतने सांगितलं तसा त्यांनी तो आधी पूर्ण खाली दाबला, मग वर ढकलला. चारही लाल बल्ब पेटले.

पाट्या परत आल्या. स्वेटर रिकामा झाला. पिल्लं आधी बल्बांखाली दाटली, मग एकेक करत सुटी झाली, मग एकाने दाणा टिपला. बाकीच्यांनी हे पाहिलं आणि सगळी शेड कामाला लागली. हातावर मान टाकलेलं ते पिल्लू सगुणाबाईंनी बल्बाच्या अगदी खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने ते उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं. चार मात्र उठली नाहीत. सगुणाबाई म्हणाल्या, पुरून टाकू. अण्णा नको म्हणाले. त्यांनी ती पाटीखाली झाकून ठेवली, कारण रत्नाला ती बघायला हवी होती.

संध्याकाळच्या एसटीने रत्ना आली. पिशवी न ठेवता सरळ शेडमध्ये गेली. अण्णा मागोमाग गेले. दिवसभर त्यांनी मनात एक लांबलचक भाषण तयार केलं होतं, त्यात ओलं सरपण होतं, पाऊस होता, गुडघा होता. त्यांनी पाटी उचलली आणि म्हणाले, "चार गेली. माज्यामुळं गेली."

रत्नाने चारी पिल्लं हातात घेऊन पाहिली. मग उरलेल्यांकडे वळून पाहिलं. पिल्लं शेडभर पसरली होती.

"नाव काय ठिवलं पोरीचं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"गायत्री. नाव कुनाच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई पर. समदी सुतळीचंच बोलत हुती. येताना एसटीत बी दोघी होत्या त्यातल्या. कंडक्टरला सांगत हुत्या."

म्हणजे आता भोरपासून वेल्ह्यापर्यंत, थांब्याथांब्याला. अण्णांनी मान खाली घातली.

"यांना फोन केला मी गाडीतनं," रत्ना म्हणाली. "शिरवळची खोली नको म्हणून सांगितलं."

"चार गेली तरी?"

"मागल्या खेपंला निम्मी गेली हुती. ही जमली म्हणायची." तिने पिल्लांचं पाण्याचं भांडं उचललं. "आन तुमाला दोघांना हितं ठिवून आमी जायचं म्हंजे, दर आठवड्याला घर जागंवर हाय का बगाय यावं लागंल. त्यापरीस ऱ्हायल्यालं बरं."

याचा राग यायला हवा होता. अण्णांनी तसा प्रयत्नही केला, कपाळाला आठ्या घातल्या. पण मिशीखालचं तोंड काही केल्या सरळ राहीना, म्हणून ते वळून बोर्डाकडे बघू लागले.

"मंग अमृतला सांग," ते घसा खाकरून म्हणाले, "माज्या रॉडला येगळी लाईन वड म्हणावं. आन बटन चांगलं मोटं लाव."

"मोटं न्हाई, मामा. रॉडला लागंल तेवढंच."

"जरा तरी मोटं?"

"न्हाई."

"नखभर?"

रत्ना भांडं घेऊन बाहेर पडली. अण्णा तिच्या मागे निघाले.